काल तर चालत होतं!

पितृपक्षात नवी खरेदी करू नये, नवं काम काढू नये, असं घरातली मोठी माणसं सांगतात. ॲपलच्या कॅलेंडरात पितृपक्षाची सोय नाही. नवी मॅकओएस बहुतेक वर्षी गणपती ते दिवाळीच्या दरम्यान येते आणि २०२५ साली 'टाहो' नावाची आवृत्ती १५ सप्टेंबरला, म्हणजे ऐन पंधरवड्यात दाखल झाली. आवृत्तीचा आकडाही १५ वरून थेट २६ वर गेला. मधले दहा आकडे कुठे गेले, याची चौकशी करायला हिंजवडी-खराडीतल्या सॉफ्टवेअरवाल्यांना फुरसत नव्हती. ज्यांनी उत्साहाने अपग्रेड केलं होतं, त्यातल्या अनेकांचे लॅपटॉप काही काम न करताच तापायला आणि अडखळायला लागले होते.

दोष सापडला तो खिडकीच्या कोपऱ्यात. व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड अशी कितीतरी ॲप्स 'इलेक्ट्रॉन' नावाच्या एकाच सांगाड्यावर उभी आहेत. खिडकीचे कोपरे हवे तसे गोल दिसावेत म्हणून इलेक्ट्रॉनने ॲपलच्या एका खासगी फंक्शनच्या जागी स्वतःचं फंक्शन बसवलं होतं. त्या फंक्शनला हात लावायची परवानगी कुणी दिली नव्हती. पण टाहो येईपर्यंत कुणी हटकलंही नव्हतं. नव्या आवृत्तीत त्या गोलाईचा भार पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या यंत्रणेवर पडला आणि अख्खं मशीन दमलं. इलेक्ट्रॉनने काही आठवड्यांत ते फंक्शन काढून टाकलं. मग प्रत्येक ॲपने आपापली नवी आवृत्ती काढेपर्यंत वाट बघायची, तोवर नको असलेल्या खिडक्या बंद ठेवायच्या, एवढाच उपाय उरला.

हा झाला मोठा गाजलेला प्रकार. बिनगाजलेला प्रकार दरवर्षी, न चुकता, अपग्रेडनंतरच्या पहिल्या सकाळी घडतो. डेव्हलपर चहाचा कप ठेवतो, टर्मिनल उघडतो, 'गिट पुल' टाइप करतो. उत्तर येतं की डेव्हलपरचा मार्ग अवैध आहे. कुणाचाही स्वाभिमान दुखावावा असंच ते वाक्य असतं. खरा मामला साधा आहे. मॅकसोबत आलेलं 'गिट' स्वतः काही करत नाही. आलेला हुकूम ते एक्सकोडच्या कमांड लाइन टूल्समधल्या खऱ्या गिटकडे पाठवतं. मोठ्या अपग्रेडनंतर ती टूल्स बऱ्याचदा जागेवर नसतात. 'एक्सकोड-सिलेक्ट' ही आज्ञा 'इन्स्टॉल' म्हणून चालवली की ती पुन्हा उतरतात आणि गाडी रुळावर येते. दरवर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि ते नव्याने शोधणारा माणूसही तोच.

इथे ऑपरेटिंग सिस्टीमची बाजूही ऐकून घ्यायला हवी. डेव्हलपर हा भाडेकरू असतो, पण राहतो मालकासारखा. मालकाच्या कपाटात याचे कपडे, मालकाच्या माळ्यावर याच्या पेट्या, मालकाच्या देवघरात याचे देव. मालकाने घराला रंग काढला की 'माझ्या वस्तूंना हात कुणी लावला' म्हणून भांडायला पहिला हाच.

ॲपलने २०१५ च्या 'एल कॅपिटन'मध्ये काही कपाटांना कुलूप लावलं. सिस्टीम इंटिग्रिटी प्रोटेक्शन असं त्याचं भारदस्त नाव. तेव्हापासून सिस्टीमच्या ठरावीक फोल्डरांत रूट या सर्वशक्तिमान वापरकर्त्यालाही ढवळाढवळ करता येईना. २०१९ च्या 'कॅटालिना'ने तर सिस्टीमचा सगळा भाग निव्वळ वाचण्यापुरता ठेवला. त्याचा फटका मोंगोडीबी वापरणाऱ्यांना बसला. हा डेटाबेस आपली माहिती डिस्कच्या अगदी मुळाशी, 'डेटा' नावाच्या फोल्डरात ठेवायचा. अपग्रेड झालं आणि डेटाबेस म्हणाला, असं फोल्डरच नाही.

माहिती गेली नव्हती. कॅटालिनाने ती उचलून 'रिलोकेटेड आयटम्स' नावाच्या फोल्डरात ठेवली होती, डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट टाकला होता आणि सोबत खुलासा करणारी एक पीडीएफही दिली होती. ती पीडीएफ वाचण्याऐवजी काहींनी थेट कुलूपच उखडायचा मार्ग धरला. एका फोल्डरासाठी मॅकची सगळ्यात मोठी तटबंदी पाडायची! सुरक्षित उपाय कंटाळवाणा होता: आपल्याच होम फोल्डरात जागा करायची, माहिती तिथे हलवायची आणि डेटाबेसला नवा पत्ता कळवायचा.

पुढचा वाद पोर्टवरून झाला. पायथॉनमध्ये वेबसाइट बनवणाऱ्यांचं लाडकं 'फ्लास्क' पूर्वापार ५००० क्रमांकाच्या पोर्टवर उभं राहतं. २०२१ च्या 'माँटेरी'पासून मॅकने एअरप्ले रिसीव्हर ही सोय दिली, म्हणजे फोनवरचा व्हिडिओ मॅकच्या पडद्यावर दाखवायचा. आणि ती सोय ऐसपैस बसली नेमकी ५००० वर. मग स्टँडअप मीटिंगमध्ये संवाद ऐकू येऊ लागले:

"काल तर चालत होतं रे. आज ब्राउझर म्हणतो, परवानगी नाही."

"अपडेट केलंस का?"

"मी नाही केलं. रात्री आपलं आपण झालं."

'आपलं आपण झालं' हे या क्षेत्रातलं सर्वमान्य निवेदन आहे आणि त्यावर उलटतपासणी होत नाही. उपाय दोन: सेटिंग्जमध्ये जाऊन एअरप्ले रिसीव्हर बंद करायचा किंवा आपल्या प्रोग्रॅमला दुसरा पोर्ट द्यायचा. हा गोंधळ इतका झाला, की पुढे फ्लास्कच्या सोबतीचं 'वर्कझोइग' पोर्ट अडलेला दिसला तर मॅकवाल्यांना स्वतःहून एअरप्ले बंद करून बघायला सांगू लागलं.

घर रिकामं करायची नोटीस आधी मिळूनही भाडेकरू झोपलेलाच असतो, याचं उदाहरण पायथॉन २ चं. या भाषेचा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला. ॲपलने २०१९ सालीच सूचनापत्रकात लिहिलं होतं की पायथॉन, रूबी, पर्ल या भाषा पुढे सिस्टीमसोबत येणार नाहीत. मार्च २०२२ मध्ये माँटेरी १२.३ आली आणि पायथॉन २ खरोखरच गेला. ज्या स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत सिस्टीमच्या पायथॉनचा पत्ता कोरलेला होता, त्या सगळ्या एका रात्रीत मुक्या झाल्या. त्यातल्या बऱ्याच स्क्रिप्टा लिहिणारी माणसं तोवर नोकरी बदलून गेलेली होती. सूचनापत्रक वाचायची पद्धत आपल्याकडेच नाही असं नाही, ती कुठेच नाही.

आणि जे बदलत नाही त्याचीही तक्रार असतेच. मॅकसोबत येणारं 'बॅश' आजही ३.२ या आवृत्तीचं आहे. आवृत्ती विचारली तर स्वामित्वहक्काचं वर्ष २००७ दाखवतं. त्यापुढचं बॅश जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आलं आणि ॲपलने ते घेतलंच नाही. कॅटालिनापासून नव्या खात्यांना 'झेडशेल' मिळू लागलं. बॅश कोपऱ्यात तसंच ठेवलेलं आहे आणि ताज्या बॅशवर लिहिलेली स्क्रिप्ट त्याच्यापुढे ठेवली की ते बुचकळ्यात पडतं.

नियतीची खरी चेष्टा मात्र 'निक्स'च्या वाट्याला आली. 'माझ्या मशीनवर चालतं, तुझ्यावर का नाही' हा प्रश्नच मुळापासून उपटायचा, या प्रतिज्ञेने निक्स हे साधन जन्माला आलं. प्रत्येक गोष्ट मोजूनमापून, जशीच्या तशी पुन्हा घडवता येईल अशी. हे काम करायला निक्स मॅकवर स्वतःचे काही खास वापरकर्ते तयार करायचं आणि त्यांना ३०१ पासून पुढचे ओळखक्रमांक द्यायचं. २०२४ ची 'सेक्वोया' आली आणि तिला आपल्या अंतर्गत सेवांसाठी चार नवे वापरकर्ते हवे होते. तिने क्रमांक घेतले ३०१, ३०२, ३०३ आणि ३०४. निक्सचे पहिले चार कामगार नाहीसे झाले. निक्सच्या मंडळींनी सगळ्यांना ३५१ पासून नवे क्रमांक देणारी स्क्रिप्ट काढली, आणि ती अपग्रेडच्या आधी चालवली तर काहीच बिघडत नव्हतं. पण आधी चालवायला आधी माहीत असावं लागतं.

प्रत्येक वेळी चूक भाडेकरूचीच असते असंही नाही. मार्च २०२४ मध्ये सोनोमा १४.४ आली आणि ॲपल सिलिकॉन मॅकवर जावाचे प्रोग्रॅम मध्येच दगावू लागले. जावाचं इंजिन कधीकधी स्मृतीच्या संरक्षित भागाला मुद्दाम स्पर्श करतं. मग सिस्टीमकडून इशारा येतो, इंजिन तो ऐकतं आणि पुढे जातं. हा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. १४.४ ने काही परिस्थितींत इशारा द्यायचं बंद केलं आणि प्रोग्रॅम थेट ठार करायला सुरुवात केली. ओरॅकलने सांगून टाकलं की जावा ८ पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांना हा धोका आहे, यावर पर्यायी उपाय नाही, आणि शक्य असेल तर अपडेट लांबणीवर टाका. २५ मार्चला १४.४.१ आली आणि मोडलेलं सांधलं गेलं. त्या अडीच आठवड्यांत अपडेटची सूचना 'उद्या आठवण कर' म्हणून रोज पुढे ढकलणारा आळशी मनुष्य टीममधला सर्वांत दूरदर्शी ठरला.

हे सगळं वाचून लिनक्सवाले गालातल्या गालात हसत असतील, तर त्यांच्याकडे वळू.

उबंटू २०.०४ मध्ये 'पायथॉन' असा साधा शब्द टाइप केला तर तशी आज्ञाच सापडेना; होता तो 'पायथॉन३'. गैरसोय दूर करायला एक पॅकेज काढलं गेलं, त्याचं नावच 'पायथॉन-इज-पायथॉन३'. सरकारी प्रतिज्ञापत्रात शोभावं असं हे नाव. हा सरळ मार्ग होता. पण काही साहसी जीव याहून पुढे गेले. सिस्टीमचा पायथॉन जुना आहे म्हणून त्यांनी 'पायथॉन३' हा दुवा आपण उतरवलेल्या नव्या पायथॉनकडे वळवला. आता उबंटूत पॅकेजांचा कारभार पाहणारी कितीतरी साधनं त्याच पायथॉनवर चालतात. इतकंच काय, उबंटूचं ग्नोम टर्मिनल सुरू करणारा प्रोग्रॅमही त्या काळी पायथॉनमध्येच लिहिलेला होता. परिणामी, टर्मिनलमधून केलेल्या दुरुस्तीने टर्मिनलच उघडेना. दुरुस्तीची दुरुस्ती करायला टर्मिनल लागतं, हे ज्ञान त्यानंतर प्राप्त व्हायचं.

अशा प्रसंगांना कंटाळूनच असेल, पण २०२३ च्या डेबियन १२ पासून सिस्टीमच्या पायथॉनमध्ये 'पिप'ने काही घालू गेलं तर नकार मिळतो: हे वातावरण दुसऱ्याच्या ताब्यात आहे, स्वतःसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा. तरीही हट्टच असेल तर एक पर्याय ठेवलेला आहे, त्याचं नाव 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस'. म्हणजे 'मोडा' असं आपल्याच हाताने टाइप केल्याशिवाय मोडता येत नाही. संगणकाच्या इतिहासात इतका प्रामाणिक पर्याय क्वचितच सापडेल, आणि तो कॉपी-पेस्ट करणारे मात्र तो न वाचताच पेस्ट करतात.

न वाचता पेस्ट करायच्या औषधांत सर्वांत जालीम म्हणजे 'सीएचमॉड ७७७'. काही उघडत नाही? सगळ्यांना सगळ्याची परवानगी देऊन टाका! हेच औषध 'यूएसआर' या सिस्टीमच्या फोल्डराला मुळापासून शेंड्यापर्यंत दिलं, की 'सुडो'चा खास अधिकार दर्शवणारी खूणही पुसली जाते. मग सुडो सांगतं की ती खूण असल्याशिवाय मी काम करणार नाही. ती परत लावायची तर सुडो लागतं. इथे माणूस शांतपणे पेनड्राइव्ह शोधायला उठतो.

काही बिघाड निदान आरडाओरडा तरी करतात. २०१८ साली ऑगस्टमध्ये 'जीलिबसी' या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीची २.२८ आवृत्ती आली आणि तिने शब्दांचा अनुक्रम लावायचे नियम बदलले. '११' आणि '१-१' या दोन नोंदींपैकी आधी कोण, याचं उत्तर अमेरिकन इंग्रजीच्या मांडणीत उलटं झालं. पोस्टग्रेस डेटाबेस हा अनुक्रम त्या लायब्ररीकडूनच घेतो. डेबियन १० वर गेलेल्यांचे जुने इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले आणि शोध मात्र नव्या क्रमाने, असा प्रकार सुरू झाला. डेटाबेस चालू, वेबसाइट चालू, त्रुटीचा एकही संदेश नाही. फक्त असलेला ग्राहक सापडत नाही. सापडत नाही म्हणून तो पुन्हा नोंदवला जातो, आणि एकमेव असायला हव्या त्या नोंदीचे दोन अवतार होतात. उपाय माहीत असेल तर सोपा आहे: अपग्रेडनंतर मजकुरावरचे इंडेक्स नव्याने बांधायचे. अलीकडच्या पोस्टग्रेसमध्ये असा बदल झाल्यावर इशारा येतो. इशारा लॉगमध्ये येतो आणि लॉग कोण वाचतं, हा वेगळा विषय.

मालकानेच पडतं घेतल्याचे किस्सेही आहेत. लिनक्सच्या कर्नेलपुरता लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक आहे की आपल्या बदलाने लोकांचा चालता प्रोग्रॅम मोडता कामा नये. प्रोग्रॅम चुकीचा लिहिलेला असला तरी. मायक्रोसॉफ्टने एके काळी याहून वरताण केलं होतं. 'सिमसिटी' हा गेम परत केलेली स्मृती लगेच पुन्हा वाचायचा. हा सरळसरळ दोष, पण जुन्या विंडोजमध्ये खपून जायचा. विंडोज ९५ च्या चाचणीत तो उघडा पडला. जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली लिहिलेली हकीकत अशी की मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी विंडोजमध्येच खास तजवीज केली: सिमसिटी चालू दिसली तर स्मृती लगेच परत घ्यायची नाही. गेममधली चूक ऑपरेटिंग सिस्टीमने पोटात घातली.

मग अपग्रेडच केलं नाही तर? तोही पंथ आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रांना आधार देणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झालं आणि जुन्या मॅकवर, जुन्या लिनक्स सर्व्हरांवर ठणठणीत वेबसाइटींशीही जोडणी नाकारली जाऊ लागली. कशालाही हात न लावणाऱ्यांचंही 'काल तर चालत होतं' झालं. तेव्हा अनेकांनी गिटमधली प्रमाणपत्राची तपासणीच बंद केली, आणि ती कुठेकुठे अजून बंदच आहे. सुरक्षित मार्ग होता तो प्रमाणपत्रांचा संच ताजा करण्याचा.

या पंथाचे खरे महंत मात्र आपल्या डीटीपीवाल्यांत भेटतात. युनिकोडच्या आधीचे मराठी फाँट, पेजमेकरची २००१ सालची सातवी आणि शेवटची आवृत्ती, मागच्या पोर्टात खोचलेलं डोंगल, आणि हे सगळं सांभाळणारी विंडोज एक्सपी, जिचा अधिकृत सांभाळ ८ एप्रिल २०१४ ला संपला. मशीनवर चिकटपट्टीने कागद लावलेला: 'हात लावू नये'. गंमत म्हणजे हा बंदोबस्त पुष्कळसा सुरक्षितही आहे, कारण या मशीनला इंटरनेटची वायरच जोडलेली नसते.

वायर काढणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी जाणत्यांचे उपाय मिळमिळीत आहेत. सिस्टीमच्या पायथॉनला, रूबीला हात लावायचा नाही. 'पायएन्व्ह', 'एनव्हीएम' यांसारख्या साधनांनी आपल्या आवृत्त्या आपल्या होम फोल्डरात ठेवायच्या. होमब्रूने बसवलेल्या सगळ्या साधनांची यादी एका फाइलीत काढून ठेवायची. बॅकअप घ्यायचा आणि तो खरंच परत येतो का, हेही बघायचं. मॅकवर डिस्कमध्ये दुसरा व्हॉल्यूम काढून नवी आवृत्ती आधी तिथे बसवता येते. कामाचं घर न हलवता नवं घर बघून येता येतं. उबंटूत अपग्रेडनंतर जुनं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट डागडुजी करत बसण्यापेक्षा पुसून नव्याने बनवलेलं बरं.

आणि सवलत द्यायची तर जेवढ्यास तेवढी. उबंटू २२.०४ मधल्या एसएसएचने जुन्या पद्धतीच्या आरएसए सह्या नाकारल्या, तेव्हा ऑफिसातला एखादा म्हातारा सर्व्हर आत घेईना. एसएसएचच्या सेटिंग्जमध्ये फक्त त्या सर्व्हरच्या नावाखाली सवलत लिहिता येते. घाईतला माणूस ती तारका टाकून जगातल्या सगळ्या सर्व्हरांना देतो. २०२१ मध्ये नोडच्या १७ व्या आवृत्तीबरोबर ओपनएसएसएल ३ आलं आणि जुने बिल्ड कोसळले, तेव्हाही 'जुनाच प्रकार चालू द्या' अशा अर्थाचा पर्याय लोकांनी 'तात्पुरता' म्हणून प्रकल्पाच्या फाइलीत घातला. शेजारी तारीख आणि कारण लिहिलं असतं, तर तो काढायची हिंमत पुढच्या माणसाला झाली असती.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे थांबणं, आणि उबंटूने तो स्वतःच अमलात आणला आहे. दीर्घ मुदतीच्या एका आवृत्तीवरून दुसरीवर जायचं आमंत्रण पहिली दुरुस्त आवृत्ती निघाल्यावरच दिलं जातं. त्यामुळे २०२४ च्या एप्रिलमध्ये २४.०४ आली तरी २२.०४ वर बसलेल्यांना २४.०४.१ ची वाट पाहावी लागली. ती आवृत्ती ऑगस्टच्या मध्यावर यायची होती, आली २९ तारखेला. आमंत्रणं निघाली आणि लगेच मागेही घेतली गेली, कारण बिघाड नेमका अपग्रेड करणाऱ्या साधनातच निघाला. ते दुरुस्त होऊन दार पुन्हा उघडेपर्यंत आणखी काही दिवस गेले. तोवर २२.०४ वाल्यांचे बिल्ड रोजच्यासारखे होत होते आणि स्टँडअपमध्ये त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीही नव्हतं.